कादंबरीतला शेखर आणि आमचा खाडे

उज्जैनला निघायचा हुकूम आला तेव्हा आम्ही शिकाऊ सॅपर, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलातले जवान होतो. बेसिक ट्रेनिंग संपलं होतं, पोस्टिंग मिळायचं होतं. नदीकाठच्या कॅम्पमध्ये आमचं बोटीचं प्रशिक्षण चाललं होतं. बोट उचलायची, पाण्यात टाकायची, चालवायची आणि पुन्हा उचलून धुवायची, हाच दिवसभराचा कार्यक्रम. भाद्रपद लागला तरी माळव्यातला पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. क्षिप्रेचं पाणी घाट चढून गल्ल्यांत शिरलं. जवळपास तयार बोटी आमच्याच होत्या, म्हणून शिकाऊ असूनही आम्हांला पाठवलं. कॅप्टनसाहेब आम्हांला फॉल-इनमध्ये उभं करून एवढंच बोलले, "शहर पाण्यात आहे. लोक काढायचे आहेत. माझ्या रेडिओ ऑर्डरशिवाय बोट हलणार नाही. कोई शक?"

"नो सर."

मी स्वतः उज्जैनचा. माधव नगरात आमचं घर. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी खानदेशातून इकडे आले, वडील कापडगिरणीत होते. गिरणी बंद पडली. शहरात रंगीत टीव्ही आणि एसटीडीची पिवळी दुकानं वाढत होती, पण वडिलांच्या वयाच्या माणसाला काम कुणी देत नव्हतं. मी भरतीच्या रांगेत उभा राहिलो. हे सगळं इतक्या वर्षांनी लिहायला बसलोय, त्याला कारण एक कादंबरी. तिचं नाव मी लिहिणार नाही, लेखकाचंही नाही. फुकटची जाहिरात मी का करू? शिकाऊ अधिकाऱ्यांची मैत्री, त्यांची प्रेमं, थट्टामस्करी आणि त्यात उज्जैनचा पूर, असा तिचा मसाला आहे. लोक म्हणतात, फार तरल आहे. मी ती वाचली आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नोकरीत मी पुरातून फुगलेली जनावरं ओढून काढलेली आहेत. तेव्हासुद्धा इतकी शिसारी आली नव्हती.

आधी खरं काय होतं ते सांगतो.

फौजेत प्रत्येकाला एक बडी असतो. ट्रेनिंगमध्ये जोड्या लावतात. बडी चुकला की शिक्षा दोघांना. बडी आजारी पडला की त्याची थाळी तुम्ही आणायची. आमच्या लाइफ जॅकेटची नाडी पाठीवर बांधावी लागे, स्वतःची स्वतःला बांधता येत नसे. ती बडीने बांधायची आणि बडीनेच सोडायची. आमचे उस्ताद नाईक साळुंखे म्हणायचे, "तुमची पाठ दुसऱ्याच्या हातात आहे हे डोक्यात बसावं म्हणून ही गाठ आहे." खरं कारण एवढंच की जॅकेटं जुनी होती आणि पुढचे बक्कल तुटले होते. पण उस्तादांना हे सांगायची कुणाची छाती नव्हती.

माझा बडी सॅपर शंकर खाडे. माणदेशातला, टँकरचं पाणी पिऊन वाढलेला. भरती होईपर्यंत त्याने गुडघ्याच्या वर पाणी पाहिलेलं नव्हतं. पोहायला शिकताना आमच्या प्लाटूनमध्ये सगळ्यांत जास्त पाणी त्याच्याच पोटात गेलं. वर आला की खोकत खोकत म्हणायचा, "एवढं पाणी गावाकडं असतं तर हितं कशाला आलो असतो?" शेवटी शिकला, आणि असा शिकला की उस्ताद त्याला बोटीच्या नाकावर बसवू लागले. मी मागे मोटारीवर असायचो.

उज्जैनला आमचा तळ फ्रीगंजमधल्या एका शाळेत होता. तो भाग उंचावर, तिथे पाणी नव्हतं. पुरातून काढलेली कुटुंबं तिथेच ठेवली होती. नर्सिंगच्या शिकाऊ मुली वऱ्हांड्यात पट्ट्या बांधत, गोळ्या वाटत. त्यांतली एक सुलभा. गावातलीच, मराठी. खाडेच्या तळपायात पत्रा घुसला तेव्हा तिने पट्टी बांधली.

"फौजी, हा पाय आता पाण्यात टाकायचा नाही."

"मग बोट कोण चालवणार सिस्टर? तुमचे डॉक्टर?"

ती हसली. त्यानंतर पट्टी बदलायला खाडे न बोलावता जायला लागला. पट्टी बदलून झाली तरी तो तिथेच उभा असायचा. भैरवगढ़चे काही छिपे, कापडावर ठसे छापणारे कारागीर, आपले छापील कापडाचे गठ्ठे घेऊन शाळेत आले होते. खाडेला आईसाठी चादर घ्यायची होती, रंग ठरेना. सुलभाने निवडून दिली. कत्थई रंगाची, काळ्या बुट्ट्यांची. "आईला ही आवडेल, मळ दिसत नाही," म्हणाली. झालं. एवढंच. प्रेम होतं का? होतं, मी नाही म्हणत नाही. ती समोरून गेली की खाडे हातातली थाळी भरून घ्यायला विसरायचा. पण त्या दोघांना एकत्र चहा पिण्याइतकीही सवड मिळाली नाही.

त्याच शाळेत सिव्हिलचे चार शिकाऊ अधिकारी होते, तीन मुलगे आणि एक मुलगी. मदतकामावर देखरेख करणं हे त्यांचं काम. ते एका वर्गखोलीत बसून अंताक्षरी खेळायचे, थंड पेयाच्या बाटल्या मागवायचे. पुरीभाजीच्या रांगेत ओल्या लुगड्यांनी उभ्या राहिलेल्या बायांना ते हसणं ऐकू यायचं. त्यांतल्या एकाला मी इथे प्रोबेशनर म्हणतो. इंदूरचा, मराठी घरातला, पावसातही काळा चष्मा लावणारा. त्याचं त्या मुलीवर मन होतं. याबद्दलही माझी तक्रार नाही. वयच तसं होतं. मला राग आहे तो पुढच्या गोष्टीचा.

पाणी उतरायला लागलं होतं. आम्ही बोटी धुवायच्या तयारीत होतो. दुपारी रेडिओ सेट वाजला. टायगर म्हणजे कॅप्टनसाहेब, बोट टू म्हणजे आम्ही.

"टायगर फॉर बोट टू. घाटापलीकडे छतावर एक कुटुंब अडकलंय. सिव्हिलचा अधिकारी जागा दाखवेल. ओव्हर."

"बोट टू, विल्को. आउट."

खबर प्रोबेशनरनेच कॅप्टनसाहेबांना दिली होती. तो आला तो बाकी तिघांची वरात घेऊन. एकाच्या गळ्यात कॅमेरा. उस्ताद म्हणाले, "साहब, रास्ता दिखाने को एक आदमी काफी है."

"मदद के लिए हैं."

आम्ही जॅकेटं दिली. तिघांनी घातली. प्रोबेशनरने हातात धरून पाहिलं आणि पायरीवर टाकून दिलं. "फोटो में क्या दिखूँगा, गुब्बारा?" मुलगी हसली. तिचं हसू पाहून तो आणखी फुशारला.

"जाकीट बिना बोट नहीं चलेगी, साहब."

"उस्ताद, वहाँ छत पर बच्चे बैठे हैं. आप एक जाकीट के लिए रुकेंगे?"

पोरांचं नाव घेतलं आणि उस्तादांचं तोंड बंद झालं. त्यांनी दात खाऊन मला हाताने खूण केली. मी मोटार सुरू केली.

छतावर कुणी नव्हतं. एक ओली खाट उलटी पडली होती, बाकी काही नाही. तिथे माणूस राहिल्याची खूणही नव्हती. प्रोबेशनर हसून म्हणाला, "उतर गए होंगे. अब आए हैं तो ज़रा मंदिर की तरफ़ से ले लो, अच्छा फ्रेम मिलेगा."

उस्तादांना सगळं कळलं. मलाही कळलं. आम्हांला फोटोसाठी आणलं होतं, पूरग्रस्तांच्या बोटीत, त्या मुलीला फिरवायला. उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दिघे, बोट फिरव. परत."

मी फिरवत असतानाच तो उभा राहिला. मुलीचा हात धरून तिलाही उठवलं, कॅमेरावाल्याला म्हणाला, "अब ले." बोट कलली. मी बोट सावरायला वेग दिला आणि मोटारीच्या पात्यात वाहून आलेलं मंडपाचं कापड गुंडाळलं गेलं. मोटार बंद. धारेने बोट आडवी केली आणि पाण्यातून नुसता कळस दिसणाऱ्या एका दगडी छत्रीवर नेऊन दाबली. वरच्या बाजूने पाणी आत यायला लागलं.

"बैठो सब! नीचे बैठो!"

सगळे बसले. तो मात्र खाडेच्या गळ्यात पडला. "मुझे तैरना नहीं आता. भाई, मुझे तैरना नहीं आता." चष्मा केव्हाच पाण्यात गेला होता.

घाटावर एक लोखंडी खांब पाण्याबाहेर होता. तिथे दोर पोचला तर बोट ओढून घेता आली असती. उस्तादांनी अंतर पाहिलं. मोटारीवर मी, उस्तादांच्या हातात वल्हं.

"खाडे, जमेल?"

"जमेल, उस्ताद."

त्याने दोर कमरेला बांधला, गळ्यातले ते हात सोडवले आणि माझ्याकडे पाठ केली.

"दिघे, गाठ सोड."

"जाकीट घालून जा."

"हा पडला तर समद्यांना घिऊन पडल. सोड बिगी."

मी गाठ सोडली. लोक मला विचारतात, वाईट वाटतं का? मित्र गेला याचं वाटतं, गाठ सोडली याचं नाही. बडीने मागितलं, बडीने दिलं. तो बरोबरच होता. बोट उलटली असती तर कुणीच राहिलं नसतं. त्याने ते जॅकेट प्रोबेशनरच्या अंगात घातलं, मी मागून गाठ मारली. खाडे पाण्यात उतरला.

तो खांबापर्यंत पोचला. दोर बांधला. हात वर करून इशारा केला. आम्ही दोर ओढायला लागलो, बोट छत्रीवरून सुटली. तेवढ्यात कुठल्याशा पडलेल्या घराचा वासा धारेतून आला आणि त्याच्यावर बसला. तो खाली गेला. उस्तादांनी उडी घेतली, मी घेतली. आमच्या हाताला काही लागलं नाही.

उस्ताद घाटावर आले, सेट हातात घेतला.

"टायगर, बोट टू. एक जवान मिसिंग. ओव्हर."

"बोट टू, कोण? ओव्हर."

"सॅपर खाडे. ओव्हर."

मग कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "ते कुटुंब निघालं का? ओव्हर."

उस्तादांनी प्रोबेशनरकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

"कुटुंब नव्हतं, सर. ओव्हर."

प्रोबेशनर पायरीवर कुडकुडत बसला होता. खाडेच्या जॅकेटची गाठ त्याला सुटेना. ती मीच सोडली. तो मान वळवून हळूच म्हणाला, "मराठी ना तुम्ही? बघा, हे जरा सांभाळून घ्या हं." उस्ताद शेजारी होते, नाहीतर मी तेव्हाच त्याच्यावर हात उचलला असता. खाडे दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडला. चौकशी झाली. प्रोबेशनरने सांगितलं, खबर लोकांकडून आली होती, कोण लोक ते आठवत नाही. जॅकेटाशिवाय माणूस बोटीत घेतला म्हणून साळुंखे उस्तादांच्या दंडावरची एक फीत उतरली, हुद्दा एक पायरी खाली आला. नियम नियमाच्या जागी बरोबर होता. खाडेची पेटी गावी गेली, त्यात ती चादर घडी करून ठेवली होती. आमचा ट्रक निघाला तेव्हा सुलभा शाळेच्या फाटकाशी उभी होती. 

पुढे मी हवालदार होऊन पेन्शनीवर आलो आणि उज्जैनलाच स्थायिक झालो. सुलभा इथेच एका रुग्णालयात स्टाफ नर्स झाली होती. नवरा बँकेत, एक मुलगी, घरात सासू. आमची ओळख रस्त्यात भेटलं तर नमस्कार करण्याइतकी. एक दिवस ती दारात आली, पिशवीतून पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं.

"दिघेदादा, तुम्ही हे वाचलं का?"

"मी कादंबऱ्या वाचत नाही, ताई."

"मग आता वाचा. मी बसते."

तिने पानं दुमडून ठेवली होती. त्यात उज्जैन खरं, घाट खरा, फ्रीगंजची शाळा खरी. शिकाऊ अधिकारी चौघंही होते, एकमेकांवर जीव टाकणारे, रात्र रात्र गरिबांसाठी झटणारे. अंताक्षरी होती, पण ती थकवा घालवायला. खाडेचा शेखर झाला होता आणि सुलभाची सुरभी. हा शेखर सुरभीच्या प्रेमात वेडा होऊन चांदण्यात फौजेची बोट चोरतो. तिला कॅम्पातून उचलून पुरात फिरायला नेतो. तिला मिठीत घेता यावं म्हणून स्वतःचं जॅकेट काढून फेकतो. बोट उलटते. आणि मग तो तरुण अधिकारी त्याला वाचवायला धारेत उडी मारतो.

"हॉस्पिटलमध्ये मला सुरभी सिस्टर म्हणतात," सुलभा म्हणाली. "वॉर्डबॉय शिटी वाजवतात. सासूबाईंनी वाचलं, तेव्हापासून माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. यांनी एकच विचारलं, तू त्या बोटीत होतीस का? मी म्हटलं, नव्हते. तर म्हणे, मग छापलंय कसं? छापलंय म्हणजे काही तर असेलच ना." ती थांबली. "मुलगी माझी शाळेत जाते, दादा. उद्या तिलापण कोणी वाचून दाखवेल."

मी लेखकाचा नंबर मिळवून फोन लावला. ओळख सांगितली. तो आनंदाने म्हणाला, "अरे वा, दिघे! कसे आहात?" जणू आम्ही एका पंगतीत जेवलो होतो. मी विषय काढला.

"अहो, ती कादंबरी आहे. पात्रं काल्पनिक आहेत, पहिल्याच पानावर लिहिलंय."

"मग गावाचं नाव खरं कशाला?"

"वातावरण लागतं हो. तुम्हांला नाही कळायचं ते."

"त्या बाईचं घर मोडायला आलंय."

"त्यांना सांगा, मनावर घेऊ नका. आणि खरं सांगू का, मी तर त्या मुलाला अमर केलंय. नाहीतर तुमच्या खाडेला ओळखत कोण होतं?"

मी फोन ठेवला आणि नळाखाली हात धुतले. पुन्हा साबण लावून धुतले.

महिनाभरात फ्रीगंजच्या सभागृहात इथल्या मराठी मंडळींनी त्याचा सत्कार ठेवला. कादंबरीत सैनिक आहे म्हणून शाल-श्रीफळ माजी सैनिकाच्या हस्ते द्यायचं ठरलं आणि आमंत्रण नेमकं माझ्याकडे आलं. मी हो म्हटलं. गावातलं सगळं मराठी समाजमंडळ आलं होतं. सुलभाची सासूही तिसऱ्या रांगेत होती, शेजारी मुलगा. सुलभा मागे, दाराजवळ उभी. वक्त्यांनी पुन्हा पुन्हा तरल, तरल केलं. मग शाल माझ्या हातात आली. मी ती घेऊन माइककडे गेलो आणि रिपोर्ट देतात तसा रिपोर्ट दिला. बोट कुणी मागवली, कशासाठी मागवली. बोटीत कोण होतं, कोण नव्हतं. नर्सबाई त्या दुपारी फ्रीगंजच्या शाळेत लोकांना पट्ट्या बांधत होत्या. सॅपर शंकर खाडे याने स्वतःचं जॅकेट कुणाच्या अंगात घातलं.

संयोजक माइक ओढायला आले. मला माइकची गरज नव्हती, परेड ग्राउंडवर कमावलेला आवाज होता. लेखक हसत म्हणाला, "दिघे भावुक झालेत. साहजिक आहे."

"साहेब, एकच सांगा. तुमच्या पुस्तकातला अधिकारी पुरात उडी मारतो. त्या दिवशी बोटीत होतात तेव्हा तुम्हांला पोहता येत होतं का?"

त्याने समोरचा पेला उचलला, पाणी प्यायला, पेला खाली ठेवला. सभागृह बघत होतं. मी शाल खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरलो.

त्याचं काही बिघडलं नाही, हेही सांगून ठेवतो. कादंबरीची पुढची आवृत्ती निघाली. अजूनही कुणीतरी ती वाचून डोळे पुसतं. मला अजूनही किळस येते, आणि ती जावी अशी माझी इच्छाही नाही.

सभागृहाच्या पायऱ्यांवर सुलभाच्या सासूने मला थांबवलं. मागे तिचा मुलगा, त्याच्यामागे सुलभा.

"दिघे, तुम्ही झूट तर नाही ना बोलले? भर सभेत?"

"नाही काकू. मी त्या बोटीत होतो."

"त्या मुलाचं लग्न झालं होतं?"

"नाही."

"मग त्याचं मागचं कोण करतं?"

"आई होती. तीपण गेली. आता कुणी नाही."

म्हातारीने मागे मुलाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिथी सांगा."

मी सांगितली. त्या पितृपक्षात मला घरी बोलावणं आलं नाही, थेट क्षिप्रेकाठच्या सिद्धवटला आलं, जिथे श्राद्धं करतात. घाटावर सुलभाचा नवरा सोवळं नेसून, बोटात दर्भाची पवित्री घालून बसला होता. पाणी शांत होतं. सासू पायरीवर बसली होती आणि सुलभाने आणलेल्या तांब्यातलं पाणी पीत होती. मी मागे उभा राहिलो.

पंडितजींनी विचारलं, "नाम?"

"शंकर."

"गोत्र?"

"मालूम नहीं."

"तो काश्यप बोलो. नाता क्या है?"

सुलभाच्या नवऱ्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो, फौजेतला होता, माझा बडी होता, असं काहीतरी सांगणार होतो. त्याआधीच तो पंडितजींना म्हणाला, "घर का था, महाराज. आगे बोलिए." आणि त्याने ओंजळ भरून पाणी सोडलं.